बाईला मतं पडत नाहीत, असं कोण म्हणतं?



गटाच्या बैठकीत हजेरी झाली, बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते वहीत चढले की शेवटची दहा मिनिटं मोकळी मिळतात. खरे प्रश्न त्याच दहा मिनिटांत निघतात, हे गट चालवणाऱ्या बायांना सांगायला नको. वसईच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावर असाच एक प्रश्न निघाला. "दिल्लीला राष्ट्रपती बाई चालते, मग आमच्याकडे सरपंच बाई फक्त आरक्षण असलं तरच का चालते?" त्यावर दुसरी लगेच म्हणाली, "अगं, बाईला मतं पडत नाहीत." सगळ्यांनी माना हलवल्या आणि बैठक संपली.

आज आम्ही त्या प्रश्नावर आणि त्या उत्तरावर बोलणार आहोत. मतदाराच्या मनात बाईबद्दल जे काही असतं, त्याचा निवडणुकीवर खरंच परिणाम होतो का? अगदी राष्ट्रपतिपदापर्यंत होतो का? एक आधीच सांगून ठेवतो. आम्हाला कुठल्याही पक्षाचा प्रचार करायचा नाही. पक्षांची आणि पुढाऱ्यांची नावं येतील ती फक्त उदाहरणाला.

राष्ट्रपतींपासूनच सुरुवात करू. आपल्या देशात राष्ट्रपतींना तुम्ही-आम्ही मत देत नाही. लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि सगळ्या राज्यांतले निवडून आलेले आमदार मिळून राष्ट्रपती निवडतात. प्रत्येक आमदाराच्या मताला एक किंमत ठरलेली असते. १९७१ च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या घ्यायची, आमदारांच्या संख्येने भागायची आणि पुन्हा हजाराने भागायची. महाराष्ट्रात २८८ आमदार, म्हणून आपल्या एका आमदाराच्या मताची किंमत १७५ येते. पालघर जिल्ह्यात डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा आणि वसई असे सहा मतदारसंघ आहेत. म्हणजे राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आपल्या जिल्ह्याच्या आमदारांची १०५० मतं झाली.

द्रौपदी मुर्मू २०२२ साली राष्ट्रपती झाल्या, तेव्हा आपल्या जिल्ह्याचे सहाच्या सहा आमदार पुरुष होते. देशाला पहिली आदिवासी राष्ट्रपती मिळाली, पण आदिवासीबहुल पालघर जिल्ह्यातून तिच्या निवडणुकीत एकाही आमदार बाईचं मत नव्हतं. त्याला कारण साधं आहे. त्या खेपेला आपण कुणा बाईला तिथे पाठवलंच नव्हतं.

मग राष्ट्रपतींच्या निवडणुकीत बाई-पुरुष हा भेद चालतो का? तिथे मतं पडतात ती बहुतेक पक्षाच्या हिशेबाने. २००२ साली आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल उभ्या होत्या, समोर अब्दुल कलाम होते. सहगल हरल्या. २०१७ साली मीरा कुमार हरल्या. त्या बाई होत्या म्हणून हरल्या असं म्हणता येत नाही, त्यांच्या बाजूला पुरेसे आमदार-खासदारच नव्हते. २००७ साली आपल्या प्रतिभाताई पाटील जिंकल्या, त्याही मुख्यतः पक्षांच्या बळावर. फक्त त्या वेळी एक गोष्ट वेगळी घडली. शिवसेना तेव्हा भाजपच्या आघाडीत होती आणि त्या आघाडीचा पाठिंबा भैरोसिंह शेखावतांना होता. तरी बाळासाहेब ठाकरे यांनी मराठी व्यक्ती म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. बाई असण्यापेक्षा मराठी असणं तिथे जास्त कामाला आलं.

त्या वेळचा एक वाद आठवतो. बाई राष्ट्रपती झाली तर तिला म्हणायचं काय? राष्ट्रपती शब्दात 'पती' आहे ना! वर्तमानपत्रांतून त्यावर बरंच लिहून आलं. खरं तर सेनापतीमधला पती म्हणजे नवरा नव्हे, तसाच हाही नव्हे. पती म्हणजे सांभाळणारा, प्रमुख. शेवटी प्रतिभाताई राष्ट्रपतीच राहिल्या आणि शब्द कुठे मोडला नाही. पण बघा, पुरुष बसायचा तोवर त्या खुर्चीच्या नावाकडे कुणाचं लक्षही गेलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. प्रतिभाताई काही २००७ साली एकदम आकाशातून पडल्या नाहीत. त्या जळगाव जिल्ह्यातल्या. १९६२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या पहिल्यांदा जळगावातून आमदार झाल्या. महाराष्ट्र राज्य होऊन दोनच वर्षं झाली होती आणि बायकांसाठी आरक्षण हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता. त्यानंतर एदलाबादच्या, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरच्या, लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं. पुढे त्या खासदार झाल्या, राजस्थानच्या राज्यपाल झाल्या आणि मग राष्ट्रपती. द्रौपदी मुर्मू तर त्याही खालच्या पायरीवरून आल्या. १९९७ साली ओडिशातल्या रायरंगपूर नगर पंचायतीत त्या नगरसेविका झाल्या. नगर पंचायत म्हणजे आपल्या वाडा, विक्रमगडला असते तशी. तिथून आमदार, मंत्री, राज्यपाल, राष्ट्रपती. मधल्या काळात त्या एकदा लोकसभेला आणि एकदा विधानसभेलाही हरल्या.

म्हणजे राष्ट्रपती निवडताना शेवटच्या दिवशी आपलं मत नसतं, पण पहिल्या दिवशी असतं. १९६२ साली जळगावच्या शेतकऱ्याने आणि त्याच्या बायकोने एका तरुण मुलीच्या नावापुढे शिक्का मारला नसता, तर २००७ साली दिल्लीत विचारायला नाव कुणाचं होतं? मतदाराच्या मनाचा परिणाम होतो तो असा, खूप आधी आणि अगदी खाली.

पण मग ते दुसऱ्या ताईचं उत्तर? बाईला मतं पडत नाहीत? हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की आकडेच काढून बसलो. तुम्हीही हिशेबाच्या वहीसारखे बघा.

२०१९ च्या विधानसभेला महाराष्ट्रात तीन हजार दोनशेच्या वर उमेदवार उभे होते. त्यांत बाया २३५. निवडून आल्या २४. म्हणजे शंभर बाया उभ्या राहिल्या तर दहा जिंकल्या. शंभर पुरुषांमागे जिंकले नऊही नाहीत. २०२४ च्या विधानसभेला बाया ३६३ उभ्या होत्या, निवडून आल्या २१. शंभरात सहा. पुरुष शंभरात सात. त्याच वर्षी लोकसभेला देशभरात सुमारे ८०० बाया उभ्या होत्या, ७४ जिंकल्या. शंभरात नऊ. पुरुष शंभरात सहा. कधी आपण थोड्या पुढे, कधी ते थोडे पुढे. हे आकडे अगदी तराजूत तोलल्यासारखे नाहीत हेही सांगायला हवं, कारण अपक्ष उभे राहून थोडीशी मतं मिळवणाऱ्यांत पुरुषच फार असतात आणि त्यांच्यामुळे पुरुषांची सरासरी खाली येते. तरीसुद्धा बाईला मतंच पडत नाहीत असं यातून काही दिसत नाही.

दिसतं ते निराळंच. २०२४ च्या विधानसभेला एकूण उमेदवार होते ४१३६. त्यांत बाया ३६३. दर शंभरात नऊसुद्धा नाहीत! ज्या निवडणुकीत लाडक्या बहिणींचं नाव प्रत्येक सभेत घेतलं गेलं, त्याच निवडणुकीत उमेदवारांच्या यादीत बहिणी शंभरात नऊही नव्हत्या. दुकानात माल ठेवायचाच नाही आणि म्हणायचं की गिऱ्हाईक घेत नाही, असा हा प्रकार. आमचं मत विचाराल तर "बाईला मतं पडत नाहीत" हे वाक्य मतदारापेक्षा तिकीट वाटणाऱ्याच्या तोंडी जास्त असतं. आपण ते नुसतं उचलून आणतो आणि आपल्याच बैठकीत बोलतो.

तिकिटात किती असतं ते मेक्सिकोत बघा. तिथे २०१४ साली घटनेत तरतूद झाली की संसदेच्या निवडणुकीत पक्षांनी निम्मे उमेदवार स्त्रिया द्यायचे. दहा वर्षांनी, २०२४ साली, राष्ट्राध्यक्षपदाला मुख्य लढतच दोन बायांत झाली आणि क्लाउडिया शेनबाम निवडून आल्या. बाईला मत द्यावं की नाही हा प्रश्नच उरला नाही, कुठल्या बाईला एवढाच उरला. आपल्याकडेही त्याच वर्षी बारामतीत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार समोरासमोर होत्या. तिथे कुणी म्हणालं का, की बाईला मतं कशी पडणार?

आता आपल्या वसईचं. १९७७ साली मृणालताई गोरे उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, तेव्हा वसई आणि पालघर त्याच मतदारसंघात होते. पाण्यासाठी हंडा मोर्चे काढणाऱ्या त्या पाणीवाली बाई. तेव्हाची घोषणा जुन्या लोकांना अजून पाठ आहे. 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.' दिल्लीवाली बाई म्हणजे इंदिराबाई. जिंकलेली बाई आणि हरलेली बाई दोन्ही एकाच घोषणेत! लोकांनी एकीला काम बघून दिलं आणि दुसरीवर राग काढला. बाई म्हणून कुणालाच सूट नव्हती.

आणि २०२४ साली वसई विधानसभेला स्नेहा दुबे-पंडित निवडून आल्या. जागा राखीव नव्हती. समोर हितेंद्र ठाकूर होते, १९९० पासून सहा वेळा इथून जिंकलेले. फरक तीन हजारांपेक्षा थोडाच जास्त, लढत तिरंगी. आता त्या बाई होत्या म्हणून जिंकल्या का? तसं म्हणणं बरोबर होणार नाही. पक्षाची हवा होती, मतं तिघांत वाटली गेली, वडील विवेक पंडित २००९ साली याच वसईचे आमदार झालेले, घराचं नाव ओळखीचं. पण बाई होत्या म्हणून पडल्या नाहीत, एवढं तर नक्की. त्याच वर्षी पालघर लोकसभेला भारती कामडी दुसऱ्या आल्या. त्या आधी आपल्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष होत्या. जिंकलेले हेमंत सावरा, त्यांचे वडीलही मंत्री होते. म्हणजे घराण्याचा आधार पुरुषालाही लागतो, बोट मात्र बाईकडेच दाखवलं जातं. गोव्यात शशिकलाताई काकोडकर १९७३ साली मुख्यमंत्री झाल्या, त्या वडील भाऊसाहेब बांदोडकर यांच्या निधनानंतर. पण १९७७ ची निवडणूक त्यांनी स्वतः जिंकून दाखवली. महाराष्ट्रात ती खुर्ची १९६० पासून बाईची वाट बघते आहे.

मग मतदाराच्या मनात काहीच अढी नसते का? असते. तसं नसतं तर आमच्या त्या बैठकीत सगळ्या माना हलल्याच नसत्या. फक्त ती अढी कशी असते ते नीट समजून घ्यायला हवं.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निवडताना सामान्य माणूस मत देतो, म्हणून तिथे हा प्रश्न फार दिवस विचारला जातो आहे. १९३७ साली गॅलप नावाच्या संस्थेने लोकांना विचारलं, लायक बाई असेल तर तिला राष्ट्राध्यक्षपदासाठी मत द्याल का? शंभरात तेहतीस जण हो म्हणाले. आता नव्वदच्या वर लोक हो म्हणतात. तरी आजवर तिथे एकही बाई राष्ट्राध्यक्ष झालेली नाही. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना समोरच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं पडली, पण तिथल्या राज्यवार हिशेबात त्या हरल्या. २०२४ साली कमला हॅरिस हरल्या. यात बाई असण्याचा वाटा किती आणि महागाईचा, पक्षाचा किती, यावर तिथले अभ्यासकही एकमेकांशी भांडतात. आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचं की विचारल्यावर माणूस हो म्हणतो ते सगळं खरं धरायचं नसतं. आपल्या गावातही माइक समोर धरला की सगळे म्हणतात, "हो हो, बाई चालेल की!"

म्हणून काही संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात थेट न विचारता मन ओळखायची युक्ती केली. ती रेडिओवर सांगायला आम्हाला फार आवडते, कारण ती आवाजाचीच आहे. त्यांनी गावपुढाऱ्याचं एक भाषण लिहिलं. एकच भाषण, शब्दही तेच. एकदा पुरुषाच्या आवाजात रेकॉर्ड केलं, एकदा बाईच्या. काही लोकांना हे ऐकवलं, काहींना ते, आणि विचारलं की हा पुढारी कसा वाटतो? ज्या गावांत बाई कधीच प्रधान, म्हणजे आपल्याकडची सरपंच, झाली नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. शब्द तेच, फक्त आवाज बाईचा! पण ज्या गावांत आरक्षणामुळे बाई प्रधान होऊन गेली होती, तिथे हा फरक जवळपास नाहीसा झाला.

गंमत पुढे आहे. त्या पुरुषांना मनातून काय आवडतं, असं पाहिलं तर त्यांना पुरुष पुढारीच आवडत होता. आवड बदलली नव्हती. बदलला होता तो अंदाज. बाईला जमणार नाही हा समज गेला होता. मैत्रिणींनो, आम्हाला हे फार मोलाचं वाटतं. गावातल्या प्रत्येक काकांचं मन बदलायची वाट बघत बसायला नको. त्यांना बाई आवडो न आवडो, तिला काम जमतं हे दिसलं की मत पडायची अडचण दूर होते.

त्याच अभ्यासात एक कडू गोष्टही होती. पहिल्यांदा प्रधान झालेल्या बाईचं काम पुरुषाइतकं असलं तरी लोक तिला कमी मार्क देत. दुसऱ्या खेपेला हे सुधारत गेलं. म्हणजे पहिली बाई शिव्या खाते आणि तिच्या जोरावर दुसरी उभी राहते. आपल्या गटांतही पहिल्या अध्यक्षीणबाईंचं असंच झालेलं असतं.

बंगाल लांब वाटत असेल तर आपल्या लोकलने तासा-दीड तासावरच्या मुंबईचं बघा. महापालिकेचे वॉर्ड बायकांसाठी सोडतीने राखीव होतात, चिठ्ठी टाकून. १९९७ साली जे वॉर्ड राखीव होते, त्यांतले बरेच २००२ साली खुले झाले. रिखिल भावनानी या अभ्यासकाने ते तपासले. आधी राखीव असलेल्या आणि आता खुल्या झालेल्या वॉर्डांत बाई निवडून यायची शक्यता, १९९७ सालीही राखीव नव्हत्या अशा वॉर्डांपेक्षा जवळपास पाचपट निघाली. दोन्हीकडे जागा खुल्याच होत्या. फरक एवढाच की एकीकडे लोकांनी पाच वर्षं बाईचं काम पाहिलं होतं, आणि तिथल्या बाईलाही आपल्याला जमतं हे कळलं होतं. पक्षालाही.

आता सांगा, आपण काय करतो? सोडत निघते, गावातली जागा "सर्वसाधारण" निघते, आणि पहिल्यांदा आपणच म्हणतो, "गेली बायकांची जागा." सर्वसाधारण म्हणजे पुरुषांची नव्हे! सर्वसाधारण स्त्री ही जागा फक्त बायकांची, पण नुसती सर्वसाधारण जागा दोघांची. तिथे बाई उभी राहू शकते, कायद्याने कुणी अडवू शकत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत आणि त्या फिरत राहतात. निम्म्यांहून जास्त बाया कुठल्याही ग्रामपंचायतीत असायला काहीच हरकत नाही. पाच वर्षं राबून पाणी आणलेली, अंगणवाडीचं छप्पर बदललेली बाई नेमकी जागा खुली झाल्यावर घरी बसते. जिचा फायदा पाचपट व्हायचा, तीच मागे सरते. आमच्या परिसरातल्या एका ताईंचं आता हेच चाललं आहे. घरचे म्हणतात, "तुझी वेळ झाली, आता दिराला उभं करू." ताई अजून हो म्हणालेल्या नाहीत.

अर्थात ते आवाजाचं गणित चालायचं असेल तर बाईचा आवाज गावाने ऐकलेला हवा. सरपंच बाई आणि खुर्चीत सरपंचपती, ग्रामसभेत बोलणार ते, बाई फक्त सहीला. अशी पाच वर्षं गेली तर गावाने पाहिलं काय? पुरुषाचंच काम. मग पुढच्या वेळी लोक बाईला जमत नाही म्हणाले तर त्यांना दोष किती द्यायचा? उलट १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने सगळ्याच्या सगळ्या बायांची ग्रामपंचायत निवडून आली. ७३ वी घटनादुरुस्ती यायला तेव्हा अजून काही वर्षं होती. पंचायतीत पुरुषच नाही म्हटल्यावर बोलणार कोण? बायाच.

आणि त्याच जळगाव जिल्ह्यातली अलीकडची गोष्ट. विचखेडा गावात बाई सरपंच निवडून आली. काही गावकऱ्यांनी तक्रार केली की ती सरकारी जागेवरच्या घरात सासूबरोबर राहते, म्हणून ती अपात्र. ती म्हणत होती, मी वेगळी भाड्याने राहते. अधिकाऱ्यांनी तिला काढलं, उच्च न्यायालयातही ती हरली. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पद परत दिलं आणि स्पष्ट म्हटलं की बाई सरपंच झाली हे या गावकऱ्यांना पचलेलं नाही. म्हणजे मतं पडून, निवडून येऊनही बाईला खाली ओढता येतं, आणि ओढायला बहुधा कागदच वापरतात. ज्या जिल्ह्याने देशाला पहिली महिला राष्ट्रपती दिली, तिथलीच ही गोष्ट. जिल्हा तोच, म्हणून मनं सगळी सारखी नसतात.

लोकसभा आणि विधानसभेत बायांना एक तृतीयांश जागा देणारा कायदा सप्टेंबर २०२३ मध्ये झाला. तो जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर लागू होईल असं त्यातच लिहिलं आहे. तेव्हा पक्षांना बाया शोधायला लागतील. कुठे शोधतील? ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेत, नाहीतर आपल्याच घरात. खाली काम केलेल्या बाया तयार नसतील तर सुना-लेकींचीच नावं येतील.

म्हणून ज्यांच्या मनात आहे त्यांनी कागदांकडे आतापासून बघा. ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर वय २१ पूर्ण हवं आणि त्याच ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव हवं. लग्न होऊन आलेल्या मुलींची नावं कितीदा माहेरीच राहिलेली असतात, ते आधी तपासा. घरपट्टी, पाणीपट्टी थकलेली नको. घरात शौचालय असून ते वापरात हवं. दोन अपत्यांची अट आहे. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्म असेल तर सातवी पासचा दाखला लागतो. राखीव जातीच्या जागेसाठी जात पडताळणी लागते आणि तिला वेळ लागतो, सोडत निघेपर्यंत थांबलात तर धावपळ होईल. घर सरकारी किंवा गावठाणाबाहेरच्या जागेत असेल तर विचखेड्याची गोष्ट लक्षात ठेवा आणि जाणत्या माणसाला आधी विचारून घ्या.

आणि निवडणूक झाल्यावर, जिंका किंवा हरा, खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत तहसील कार्यालयात द्यायचा आणि पोच घ्यायची. तो न दिल्यामुळे निवडून आलेला माणूसही अपात्र ठरू शकतो. पोचपावतीची झेरॉक्स काढून एक प्रत गटाच्या फाईलला लावून ठेवा. घरातून कागद हरवतात, गटाच्या फाईलमधून सहसा हरवत नाहीत.